तेलासाठी ठेवलेलं भोक

मास्तरच्या कानाबद्दल लोक जे सांगतात त्यातलं निम्मं खोटं आहे, आणि उरलेलं निम्मं त्याहून अचाट. सात तरफांचं कुलूप असो की आकड्यांची तिजोरी, मास्तर नुसता दारासमोर येऊन खाकरला तरी आतली खिटी अदबीने बाजूला सरकायची म्हणे. एकदा एका बँकेची तिजोरी अडली तेव्हा त्याला ताप भरलेला. त्याने अंथरुणातूनच फोनवर तबकडीचा आवाज ऐकला, "डावीकडे अजून केसभर" असं सांगितलं, आणि दार उघडल्याचा खटका कानावर पडताच कूस बदलून झोपी गेला. पलीकडच्या गल्लीत कुणी किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवला, तर त्यातली घराची कुठली, दुकानाची कुठली आणि बायकोपासून लपवलेल्या कपाटाची कुठली, हे तो चहाचा घोट न थांबवता सांगायचा. त्यामुळे त्या गल्लीतले दोन-तीन गृहस्थ त्याला टाळून लांबच्या रस्त्याने जात.

कामाच्या बाबतीत मास्तरचा एकच हट्ट होता. कुलपाला तेल घालायचं नाही. तेलावर धूळ बसते, धुळीचा चिखल होतो, आणि वर्षभराने कुलूप दाढ दुखणाऱ्या माणसासारखं तोंड मिटून बसतं. कुलपाला द्यायची ती कोरडी काळी पूड, शिसपेन्सिलीत असते तसली. ती नळीत घ्यायची, नळीवर बोटाने दोन टिचक्या मारायच्या, किल्लीच्या भोकाशी धरून फुंकर घालायची. "चिमूटभर," तो गिऱ्हाइकाला बजावायचा. "जास्त झाली की कुलूप माजतं." आख्ख्या शहराला त्याने हे इतकं शिकवलं होतं की त्याच्या भीतीने लोक बिजागऱ्यांनाही तेल द्यायला कचरत, आणि संध्याकाळी सगळ्या गल्लीची दारं एका सुरात कुरकुरत.

पांढऱ्या पुडीशी त्याची गाठ घालून दिली ती एका सराफाने. सराफाची तळघरातली तिजोरी अडली होती, मास्तर सलग दुसऱ्या दिवशी तिच्यासमोर मांडी घालून बसला होता आणि डोळे मिटायला लागले होते. सराफाने खिशातून चपटी डबी काढली.

"मास्तर, अडलेल्या कुलपाला चिमूटभर देता ना?"

"देतो."

"मग स्वतःला का नाही?"

दुसऱ्या कुणी हसून सोडून दिलं असतं. कुलपात आयुष्य गेलेल्या माणसाला ते पटलं. त्याने आपल्याच कामाच्या नळीत पूड घेतली, दोन टिचक्या मारल्या, नाकाशी धरली. चार मिनिटांत तिजोरी उघडली. पण तिजोरीचं काय एवढं. त्या चार मिनिटांत मास्तरला आख्ख्या शहरातली कुलपं ऐकू आली, एकूणएक, आणि सगळी त्याला नमस्कार करत होती. कोकेन हे नाव त्याला पुढे कळलं. तोवर ओळख नावाच्या पलीकडे गेली होती.

वर्षभरात नमस्कार थांबले. चिमटीची दीड झाली, दीडची तीन झाली, आणि तीनमध्येही पूर्वीचा मास्तर जेमतेम जमिनीपर्यंत वर यायचा. चहा गरम पाण्यासारखा लागायला लागला. लेक काही सांगून खदखदून हसायची तेव्हा तो हसायचा, पण ते ओठांचं हसणं होतं. आत काही हलायचं नाही. हात कापायला लागले. आणि त्या नामांकित कानाला नसलेल्या गोष्टी ऐकू यायला लागल्या: जिन्यात बूट, दाराबाहेर किल्ल्यांचे जुडगे, आपल्याच कुलपात कुणीतरी फिरवलेली तार.

लेक नऊ वर्षांची. एका जागी टिकायची नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. एका सुट्टीच्या सकाळी दहाच्या सुमारास मास्तरला जिन्यात तीन माणसं ऐकू आली. बायको आणि भिंगरी घरात होत्या. त्यांना काही होऊ नये म्हणून तो बाहेर आला, दारात बसवलेलं स्वतःच्या हातचं सगळ्यात चांगलं कुलूप बाहेरून लावलं, किल्ली खिशात टाकली आणि माणसं बघायला खाली उतरला. माणसं नव्हती. पायांनी मग त्याला सराफाकडे नेलं.

तो परत आला तेव्हा पाच वाजले होते. शहरातले तीन कुलूपवाले येऊन, कुलूप बघून, माना हलवून गेले होते. "वहिनी, हे त्याच्या हातचं आहे," असं दाराला तोंड लावून त्यांनी कळवलं होतं. आगीचा बंब खाली उभा होता आणि खिडकीला शिडी लागत होती. मास्तरने किल्ली फिरवली, दार उघडलं. भिंगरी दारामागेच बसली होती. आईच्या केसांतल्या चार पिना तिने आतल्या बाजूने त्या कुलपात घालून वाकवल्या होत्या. ती रडली नाही. तिने फक्त पाचवी पीन फ्रॉकच्या खिशात ठेवली, आणि त्या दिवसापासून ती पीन कुठल्याही फ्रॉकबरोबर असायचीच.

बायको चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करायची. दुसऱ्या दिवशी ती भिंगरीला घेऊन आपल्या भावाकडे निघाली. जाताना दारात थांबली.

"तीस दिवस. तिसाव्या दिवशी चार वाजता हिला घेऊन येते. तुम्ही नीट असलात तर सामान परत आणू. नसलात तर मग यायचंच नाही."

"मी सांगेन ना तुला खरं काय ते."

"तोंडाचं नका सांगू काही. डोळ्यांतल्या बाहुल्या बघून कळतं मला. दोन वर्षं कळतंय."

तिची पावलं जिना उतरली. घरात एक पुडी शिल्लक होती.

तळमजल्यावर मास्तरच्या थोरल्या बहिणीचं इस्त्रीचं दुकान होतं. ताई म्हणजे अंगापिंडाने भक्कम बाई. ती हातगाडीत बसली की गाडी चढावर मागे यायची, असं तिचाच नवरा कौतुकाने सांगायचा. तिने पुडीचं ऐकलं आणि इस्त्री उभी केली.

"ओत मोरीत. आत्ता. माझ्यासमोर."

"ओतणं काय, कुणीही ओतेल," मास्तर म्हणाला. "मी असं कुलूप करतो की ते मलाही उघडणार नाही. तीस दिवसांनी, तिसाव्या दिवशी पाच वाजता आपोआप उघडेल. त्या दोघी समोर असतील. मग ओततो. भिंगरी बघेल तरी की बापाने काय केलं."

"शहाण्या, पुडी ओतायला पाणी लागतं. कुलूप नाही लागत."

पण मास्तरच्या अंगात आलं होतं. चार दिवसांत त्याने जे केलं ते बघायला परगावचे कारागीर आले असते, जर त्यांना कुणी कळवलं असतं. तीन जुन्या घड्याळांची यंत्रं काढून त्याने गुडघाभर उंचीच्या पोलादी तिजोरीच्या दारात बसवली. एक बंद पडलं तर दुसरं, दुसरं थकलं तर तिसरं. बँकांमधली असली वेळेची कुलपं पाच-सहा दिवस चालतात. याने दातेरी चाकं एकमेकांत अशी गुंतवली की ती महिनाभर मोजतील. पहिला दिवस सरायच्या आत पुडी आत गेली होती, साध्या कुलपात; चौथ्या दिवशी वेळेचं कुलूप लागलं. घड्याळं त्याने तिसाव्या दिवसाच्या पाचवर लावली. तिजोरी दिवाणखान्यात ठेवली, बाहेरचं दार आणि बाथरूमकडे जाणारा बोळ यांच्या बरोबर मध्ये. त्या चार दिवसांत त्याने नाकाला काही लावलं नाही, इतका तो पुडीच्या कामात गढला होता.

ताईनेच त्याला मागच्या रस्त्यावरच्या व्यसनमुक्ती केंद्रात नेऊन बसवलं. तिथली डॉक्टरीणबाई बारीक चणीची होती, आणि तिच्या टेबलाचा खण अडत होता. मास्तरने बोलता बोलता तो काढून, घासून, परत बसवला. तिने थँक्यू म्हटलं आणि विचारलं, "घरात काही शिल्लक आहे?"

"घरात नाही. तिजोरीत आहे."

"तिजोरी कुठे आहे?"

"घरात."

तिने पेन खाली ठेवलं. मग त्याला समजेल असं सांगितलं. माणसाला काही चांगलं मिळालं की मेंदूत एक रस पाझरतो, डोपामिन. चहाने थोडा, लेकराच्या हसण्याने थोडा. काम झालं की मेंदू तो परत शोषून घेतो. कोकेन हे परत शोषणंच अडवतं. रस साचतो, पूर येतो. वरचेवर पूर आला की मेंदू आपली दारं बंद करायला लागतो. मग चहाचा, लेकराचा जो थोडासा रस असतो त्याला आत यायला दारच राहत नाही.

"आणि इथे," तिने स्वतःच्या कपाळावर बोट ठेवलं, "याच्या मागे थांब म्हणणारा भाग असतो. तो ढिला पडतो. तो बोलतो, तुम्हाला ऐकूही येतं. पण हातापर्यंत पोचत नाही."

"दारं उघडतात परत?"

"उघडतात. महिने लागतात, कुणाला वर्ष. पण जुनी वाट बुजत नाही, मास्तर. तुमच्या हातात ती नळी, त्या टिचक्या... एवढ्यानेही ती जागी होते."

"याला गोळी नाही?"

"याच्यावर चालेल अशी खात्रीची गोळी नाही. माणसं लागतात. रोज यावं लागतं. आणि ती वस्तू जवळ नसावी लागते." तिने पेन पुन्हा उचललं. "ते कुलूप तुम्ही लेकीसाठी केलंय की पुडीसाठी?"

मास्तरला राग आला. हा काय प्रश्न झाला. तो उठला आणि पुढचे दहा दिवस गेलाच नाही.

पण त्याने पुडीला हात लावला नाही, हे खरं. सुरुवातीचे काही दिवस तो झोपला, जागा झाला, चिडला, पुन्हा झोपला. दुसऱ्या आठवड्यात कामाला जाऊन पाहिलं; एका बाईच्या कपाटाला काळी पूड द्यायला त्याने नळी काढली, दोन टिचक्या मारल्या, आणि तोंडाला असं पाणी सुटलं की कपाट तसंच सोडून तो चालता झाला. मग तो घरीच राहिला. तिजोरीसमोर पाट टाकून बसायचा. तीन घड्याळं आत टिकटिकत होती आणि त्याला प्रत्येक दात वेगळा ऐकू यायचा. जेवताना ऐकू यायचा, आंघोळ करताना ऐकू यायचा. उशी कानावर दाबली तर उशीतून यायचा. पंधराव्या दिवशी ताई डबा घेऊन वर आली तर हा पाटावर.

"किती राहिले?" तिने सहज विचारलं.

"तीनशे चौसष्ट तास."

"मी भिंगरीला यायला किती राहिले ते विचारत होते."

मास्तरने मनात एक तास वजा केला. इतके दिवस आपण तिजोरीचेच तास मोजत होतो, हे त्याचं त्यालाच बरं वाटलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तो मुकाट्याने डॉक्टरीणबाईकडे जायला लागला.

सव्विसाव्या दिवशी तो तिजोरी पुसत होता. दारावर त्याच्या नावाची पितळी पट्टी होती, दोन बारीक स्क्रूंनी बसवलेली. त्यातल्या एका स्क्रूची खाच जरा जास्त चकचकत होती. मास्तरने पट्टी सरकवली. खाली काडीच्या जाडीचं एक भोक होतं, नीट पाडलेलं, कडा घासलेलं, सरळ घड्याळांच्या मागच्या अडसराकडे जाणारं. लांब पात्याचा बारीक स्क्रूड्रायव्हर घातला तर अडसर मागे ढकलता आला असता.

हे भोक कुणी पाडलं, असा विचार करत तो क्षणभर बसला. मग त्याला आठवलं. त्यानेच पाडलं होतं, तिसऱ्या दिवशी दुपारी. पाडताना स्वतःला सांगितलंही होतं: असू दे, तेलासाठी.

आयुष्यभर कुलपाला तेल घालू न दिलेला माणूस. त्याने कपाळाला हात लावला, आणि कपाळामागे खरोखर कुणी बसलंय का ते चाचपून पाहिलं.

त्याने सगळी हत्यारं कामाच्या पिशवीत भरली. लांब पात्याचे, आखूड पात्याचे, तारा, चिमटे, अगदी चाकूसुद्धा. पिशवी घेऊन खाली गेला.

"ताई, ही ठेव. मी मागितली तरी देऊ नको."

"कपाटात ठेवते."

"कपाटाचं कुलूप माझ्या हातचं आहे."

ताईने विचार केला. मग पिशवी स्टुलावर ठेवली आणि तिच्यावर बसली. "उचल आता," ती म्हणाली, आणि शर्टाची कॉलर इस्त्री करायला लागली. चार दिवस ती त्या पिशवीवर बसून इस्त्री करत होती. मास्तर दिवसातून दोनदा काहीतरी निमित्त काढून यायचा, स्टुलाकडे बघायचा आणि परत जायचा. शहरात एवढं एकच कुलूप असं होतं की त्याच्यापुढे त्याची अक्कल चालत नव्हती.

तिसाव्या दिवशी चारला पाच कमी असताना त्या दोघी आल्या. बायकोने त्याला खिडकीशी उजेडात उभं केलं, हनुवटी धरून चेहरा वळवला, दोन्ही डोळ्यांत निरखून पाहिलं. दुकानात अनोळखी माणसाला पाहते तसं. मग हात सोडला आणि पदराने स्वतःचेच डोळे पुसले.

"बारीक झालात," ती म्हणाली.

"चांगला झालो का?"

"बघू. बसू तर द्या."

भिंगरी तिजोरीभोवती दोन फेऱ्या मारून आली. "बाबा, ही आपोआप उघडणार? खरंच? कुणी हात न लावता?"

"पाच वाजता. टोल पडायच्या आत."

"आणि आत काय आहे?"

मास्तरने बायकोकडे पाहिलं. "आत एक घाण आहे. उघडली की आपण तिघं मिळून ओतायची."

चहा झाला. भिंगरीने मामाच्या घरच्या मांजराची गोष्ट सांगितली; ते मांजर चप्पल घालायला शिकलं होतं म्हणे, फक्त डावी. मास्तर हसला, आणि हसताना छातीत काहीतरी किंचित हललं. फार नाही. पण हललं. दार एवढंसं किलकिलं झालं असावं. त्याला वाटलं, हे डॉक्टरीणबाईला सांगायला हवं.

साडेचारच्या सुमारास भिंगरी बाथरूममध्ये गेली आणि आतून हाक आली, "आई, मूठ हातात आली."

बाथरूमच्या दाराची मूठ वर्षभर ढिली होती. दोन मिनिटांचं काम. मास्तर रोज उद्या करू म्हणायचा. आता ती निखळून आतच राहिली, खिटी चौकटीत अडकली आणि दार बंद राहिलं. बायको बोळात धावली. दाराआडून भिंगरीचा आवाज आला, आधी ठीक, मग जरा बारीक. "आई, बाहेरून कुलूप नाहीये ना? आई, बाबांनी लावलं नाही ना?"

"नाही गं राणी, नुसती मूठ निघालीय. बाबा काढताहेत. अहो, काढा ना लवकर."

"हत्यारं खाली आहेत. आलोच," मास्तर म्हणाला, आणि तीन मजले उतरून गेला.

ताईने त्याला पाहिलं आणि बसूनच राहिली. "नाही."

"भिंगरी बाथरूममध्ये अडकलीय. घाबरलीय ती."

वरून खरोखरच बायकोची हाक आली. ताई उठली. पिशवी चार दिवसांत पोळीसारखी चपटी झाली होती. तिने ती त्याच्या हातात दिली, पण लगेच सोडली नाही. "सरळ तिच्याकडे जा."

"मग कुठे जाणार?"

तो जिना तीन-तीन पायऱ्यांनी चढला. दार ढकललं. समोर तिजोरी होती, तिच्यामागे बोळ, बोळाच्या टोकाला बाथरूम. पिशवीत हात घातला तर पहिल्याच झटक्यात हाताला आला तो लांब पात्याचा.

"आणलं का?" बोळातून बायकोने विचारलं.

"आलोच."

अर्धं मिनिट, त्याच्या मनात आलं. नाहीतरी पाचला उघडायचीच आहे. आधी उघडून पुडी खिशात ठेवू, म्हणजे धावपळीत भिंगरीच्या हाती लागायला नको. हे कारण इतकं चांगलं होतं की त्यालाच नवल वाटलं. कपाळामागचा तो भाग तेव्हा बोलला. नको म्हणाला, पोर अडकलीय म्हणाला, अगदी स्वच्छ शब्दांत. मास्तरने ते ऐकलं. त्याच्यासारखा कान दुसऱ्या कुणाला नव्हता. पण ऐकत असतानाच त्याने पाहिलं, की आपले गुडघे टेकले आहेत, पट्टी सरकली आहे आणि पातं भोकात गेलं आहे. हात दुसऱ्याच कुणाचे असावेत तसे शांत होते. महिनाभरात पहिल्यांदा ते कापत नव्हते.

अर्ध्या मिनिटात ते झालं नाही. अडसर त्याने मन लावून केला होता. तो घसरायचा, परत बसायचा. मागे बोळात त्याला दुसरा आवाज ऐकू येत होता. मुठीच्या भोकातून भिंगरीने पीन आत घातली होती. तिच्या पिनेची टोकं खिटीवर दोनदा घसरली. तिसऱ्यांदा त्यांनी कड पकडली. अगं खाली नको दाबू, मागे ओढ, डावीकडे, केसभर. हे त्याच्या मनात उमटलं, आणि त्याच्या हाताने तसं केलं, पण पातं तिच्या खिटीवर नव्हतं.

दोन्ही खटके एकदमच वाजले.

भिंगरी धावत दिवाणखान्यात आली, घामाघूम, पीन उंच धरून. "बाबा, मी काढलं. दोनदा निसटलं, मग निघालं. बाबा."

"शाब्बास," मास्तर म्हणाला. तो पाठमोरा होता, हात तिजोरीत कोपरापर्यंत गेला होता. "आलोच हं."

बायको तिच्यामागे येऊन उभी राहिली होती. तिने तिजोरी पाहिली, उघडी पिशवी पाहिली, भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. पाचला वीस कमी होते. ती खाली वाकली. भिंगरीच्या पायात चपला सरकवल्या, तिचा हात धरला.

"अगं, ऐक. मी ओतणारच होतो."

"वळा ना मग इकडे."

तो वळला नाही. वळायला हात बाहेर काढावा लागला असता, आणि हातात ती होती. दार लागलं. जिन्यात भिंगरीचा आवाज आला, "आई, बाबांनी बघितलंच नाही मी कसं काढलं." बाकी काही ऐकू येऊ नये असं त्याला वाटलं, पण हा कान बंद करता येत नव्हता, त्याला रस्त्याच्या टोकापर्यंत त्या चार चपला ऐकू आल्या.

पुढचं सांगण्यात गंमत नाही. नळी पिशवीत होतीच. कुलपांनी नमस्कार केले नाहीत. दहा मिनिटं बरं वाटलं, पुढची पाच कमी वाटलं, आणि मग खोलीत पाट, तिजोरी आणि तीन कपांतला गार चहा उरला.

पाचला दोन मिनिटं असताना तो पिशवी घेऊन ताईच्या दुकानात उभा होता. ताईने जाताना त्या दोघींना पाहिलं होतं. तिने त्याच्या डोळ्यांत पाहिलं. डोळे तपासायची विद्या तिच्याकडे नव्हती, पण बहीण होती.

"पोर निघाली बाहेर?"

"तिची तीच निघाली." मास्तर काउंटरला धरून उभा होता. "मी तिजोरी उघडली, ताई. ती हाका मारत होती आणि मी तिजोरी उघडत होतो. मला दिसत होतं."

ताईने शर्टाची घडी घातली. पुन्हा उलगडली. "डॉक्टरीणबाई साडेसहाला येते. मी येईन बरोबर."

तेवढ्यात पाच वाजले. तीन मजल्यांवरून, तीन लाद्यांमधून, त्याला घड्याळांचे शेवटचे तीन दात ऐकू आले आणि मग तो खटका, स्वच्छ, गोल, एका सेकंदाचाही फरक नाही. असं कुलूप जगात दुसरं झालं नसेल. रिकाम्या घरात, आधीच उघड्या असलेल्या दारात, ते वेळेवर उघडलं होतं. मास्तरला बरं वाटलं. एवढ्या सगळ्यातही बरं वाटलं, आणि त्याचीच त्याला लाज वाटली.

लाज संपायच्या आत दुसरा विचार आला. पुडीचा कागद आतच पडलाय. कागदाच्या घडीत थोडी राहिली असेल. घड्यांमध्ये नेहमी थोडी राहते.

"ताई, शटर ओढ."

"दुकानाची वेळ आहे. लोक कपडे न्यायला येतील."

"आतून ओढ. मी आत असताना."

तिने त्याच्याकडे पाहिलं आणि शटर ओढलं. दुकानात एक दिवा आणि ओल्या कपड्यांचा वास उरला. तिने खालच्या कडीला कुलूप अडकवलं, बाजारातलं, पत्र्याचं.

"हे तू दोन मिनिटांत काढशील," ती म्हणाली.

"दोन नाही लागत."

ताईने पिशवी उचलली, स्टूल शटरपाशी नेलं, स्टुलावर पिशवी ठेवली आणि पाठ शटरला टेकून वर बसली. इस्त्री आता तिच्या हाताला पोचत नव्हती, तेव्हा तिने मास्तरकडे पाहिलं.

"उभा काय राहिलास. त्या चादरी आहेत, त्या कर."

मास्तरने इस्त्री हातात घेतली.  साडेसहाला दीड तास होता. त्याने पहिली चादर पसरली, आणि बाहेर कुणीतरी शटर वाजवून विचारलं, दुकान चालू आहे का. ताईने पाठ शटरला आणखी घट्ट टेकवली, मास्तरने चादरीवर इस्त्री फिरवली.